गाडीची चौकशी करणारा ग्राहक मेसेजला उत्तर का देत नाही?

तुम्ही विचारलंय की चौकशी आल्याबरोबर मेसेज जातो, तरी बहुतेक ग्राहक गप्पच राहतात. मग मेसेजचा नाद सोडून थेट फोनच लावायचा का?

मुळीच नाही. आधी पाठवता काय ते बघा. ग्राहकाने फॉर्ममध्ये विचारलेलं असतं, ‘पेट्रोल ऑटोमॅटिक, पांढरी, लगेच मिळेल का?’ आणि त्याला जातं, ‘आपल्या चौकशीबद्दल धन्यवाद, आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील.’ याला तो काय उत्तर देणार?

त्याऐवजी हे पाठवा: ‘पांढरी आत्ता नाही, राखाडी आहे. शनिवारी ११ की ५?’ नसलेली गाडी ‘आहे’ म्हणून बोलावलेला माणूस दारातून परत जातो तो कायमचा, म्हणून ‘नाही’ आधीच सांगून टाकायचं. प्रश्न शेवटी, एकच, आणि एका शब्दात उत्तर देता येईल असा. बजेट किती, जुनी गाडी द्यायची आहे का, लोन लागेल का, कधी घ्यायची, हे चारही एका दमात विचारलेत की तो ‘नंतर लिहितो’ म्हणून फोन खिशात टाकतो, आणि ते राहूनच जातं.

एसएमएस पाठवत असाल तर लांबी मोजा. देवनागरीत एका एसएमएसला ७० जागा मिळतात. मजकूर त्यापुढे गेला की त्याचे ६७-६७ चे तुकडे पडतात आणि पैसे तुकड्यांवर लागतात. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: ‘गाडी’च्या चार जागा, ‘टेस्ट’च्या पाच. वरचा मेसेज ४७ जागांत बसतो, उरलेल्या २३ मध्ये तुमचं नाव आणि शोरूम. ते हवंच, अनोळखी नंबरला कोण उत्तर देतं? रोमन लिपीत १६० मिळतात, पण एक इमोजी टाकलात की तिथेही ७०.

सीआरएमला (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला) जोडलेलं व्हॉट्सॲप असेल तर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासच मोकळेपणाने लिहिता येतं, नंतर फक्त व्हॉट्सॲपकडून आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक मजकूर, म्हणजे टेम्प्लेट. तेव्हा उत्तर त्याच दिवशी द्या.

फॉलोअपला ‘काय ठरलं सर?’ हा मेसेज बंदच करा. दर वेळी हातात काहीतरी नवीन द्या. विकायची गाडी जुनी असेल तर थंड इंजिन सुरू करतानाचा न कापलेला व्हिडिओ पाठवा, त्यातच ओडोमीटर आणि टायरची नक्षी दाखवा. एक्स्चेंज असेल तर त्याच्याकडून त्याच्या गाडीच्या चारही कोपऱ्यांचे, ओडोमीटरचे आणि टायरचे फोटो मागवा.

आता तो जुना वाद. ‘मेसेजवर गाड्या विकल्या जात नाहीत, कॉल वाढवा’ असं म्हणणारे मॅनेजर कॉल मोजतात, ग्राहक मोजत नाहीत. माणूस चौकशी करतो ती कामातून दोन मिनिटं काढून. त्याच वेळी त्याला लागोपाठ पाच मिस्ड कॉल गेले की तो नंबर ब्लॉक करतो, मग तुमचा चांगला मेसेजही पोचत नाही. ‘फोन कधी करू?’ हे मेसेजवर विचारून केलेला कॉल उचलला जातो. मेसेजचं काम त्याला गाडीपर्यंत आणायचं, विकायचं काम गाडीपाशी.

मात्र किमतीची घासाघीस, एक्स्चेंजचा आकडा किंवा चिडलेला ग्राहक असेल तर टाइप करत बसू नका, फोनच करा. फॉर्ममध्ये मेसेजसाठी परवानगी घेतलेली असावी. कोणी ‘नको’ म्हणालं तर सीआरएममध्येच बंद करा, नाहीतर दुसरा सेल्समन उद्या पुन्हा पाठवतो. स्वतःच्या खासगी नंबरवरून लिहू नका. सेल्समन नोकरी सोडतो तेव्हा सगळा संवाद त्याच्याबरोबर जातो. आणि किंमत लिहिलीत तर त्यात काय काय धरलंय आणि ती कोणत्या तारखेपर्यंत आहे तेही त्याच मेसेजमध्ये लिहा, कारण डिलिव्हरीच्या दिवशी तोच स्क्रीनशॉट तुमच्यासमोर येतो.