आवाज फुटला की कंठ फुटला?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या टीव्ही ऑपेरातल्या एका बालगायकावर लेख लिहिताना ‘पुढे त्याचा आवाज फुटला’ असं लिहिलं, तर तो तेव्हा कुठे गायला लागला असं वाचकाला वाटेल का?

नाही वाटणार. इथे सगळा खेळ विभक्तीचा आहे. ‘त्याला कंठ फुटला’, ‘त्याला वाचा फुटली’ यांत काहीतरी नव्याने मिळालं. ‘त्याचा आवाज फुटला’ म्हणजे वयात येताना होता तो बदलला, घोगरा झाला. एक ‘ला’ आणि एक ‘चा’, पण अर्थ उलटा. ‘आवाज बसला’ मात्र लिहू नका. तो गरम पाण्याच्या गुळण्यांनी सुटतो, हा नाही. आणि तार सप्तकात ‘फाटतो’ तो आवाज वेगळाच, कोणत्याही वयात फाटतो.

तुमच्या विषयात तर हा शब्द टाळताच येणार नाही. संगीतकार मेनोत्तीचा ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’ हा खास टीव्हीसाठी रचलेला ऑपेरा एनबीसी या अमेरिकी वाहिनीने 24 डिसेंबर 1951 ला न्यूयॉर्कमधून थेट दाखवला. कुबडी घेऊन चालणारा अमाल झाला होता चेट ॲलन, कोलंबस बॉयकॉयर या मुलांच्या गायनवृंदातला. ही भूमिका मुलानेच करायची, मुलाचे कपडे घातलेली बाई चालणार नाही, असं मेनोत्तीने संहितेतच बजावून ठेवलंय. मग काय, प्रत्येक अमालची मुदत घशानेच ठरायची! डिसेंबर 1953 चं रंगीत प्रक्षेपण झालं तेव्हा कुबडी बिल मॅकाइव्हरच्या हातात होती.

1963 च्या नव्या चित्रीकरणातला अमाल कर्ट याग्जियन मात्र मोठेपणीही गात राहिला. 1973 च्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ चित्रपटातला ॲनस हा धर्मगुरू तोच. त्याच्याबद्दल ‘आवाज फुटला आणि गाणं संपलं’ असं सरसकट लिहून मोकळं होऊ नका. आपल्याकडे बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत शकुंतला झाले ते 1905 मध्ये, सतराव्या वर्षी. म्हणजे अमालची कुबडी खाली ठेवायच्या वयात त्यांनी पातळ नेसलं.

बाकी ‘स्वरपरिवर्तन झाले’ हे पाठ्यपुस्तकाला ठेवा. तुम्ही ‘त्याचा आवाज फुटला’ असंच लिहा, फक्त शेजारी वय द्या. नाहीतर टीव्हीचा विषय आहे म्हटल्यावर एखाद्याला स्पीकरच खराब झाला असं वाटायचं.