ट्युनिशियाला जाऊन नुसतं बीचवर बसायचं का?

प्रश्न: नमस्कार ताई, एप्रिलमध्ये मी, मिस्टर आणि सासूबाई आठ दिवस ट्युनिशियाला चाललोय. एजंटने सगळे दिवस हम्मामेतचं बीच रिसॉर्ट सुचवलंय, म्हणतो तिथे बाकी बघण्यासारखं फार काही नाही. खरंच का? आणि सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत, त्यांच्या जेवणाचं काय करायचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर: अहो नाही, अजिबात ऐकू नका त्याचं! समुद्र छान आहे, दोन दिवस द्या की, पण बाकी मुक्काम राजधानी ट्युनिस शहरात करा. तिथली मदिना, म्हणजे जुनं शहर, 1979 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि ती आजही नांदती आहे, अत्तरवाले, लाल लोकरी टोप्या बनवणारे, सगळे आपापल्या गल्लीत कामाला बसलेले असतात.

बार्दो म्युझियमला अर्धा दिवस तरी हवाच. रोमन मोझेइकचा एवढा मोठा संग्रह जगात फार कमी ठिकाणी आहे, बारीक बारीक रंगीत दगड जोडून मासे, शिकारी, कवी व्हर्जिल, काय काय केलंय, बघत राहावं असं. कार्थेज हे प्राचीन शहर आणि निळ्या-पांढऱ्या घरांचं सिदी बू सईद हे गाव एकाच लोकल ट्रेनच्या रस्त्यावर आहेत, एका दिवसात होतात. फक्त कार्थेजमध्ये अखंड जुनं शहर मिळेल असं समजू नका. इ.स.पू. 146 मध्ये रोमनांनी ते उद्ध्वस्त केलं आणि नंतर स्वतःचं शहर वसवलं, त्यामुळे अवशेष घरांच्या मधेमधे विखुरलेत. समुद्राकाठची अँटोनाईन स्नानगृहं मात्र चुकवू नका.

आणि एल जेम! माझं सगळ्यात आवडतं. छोट्याशा गावाच्या मधोमध तिसऱ्या शतकातलं भलंमोठं रोमन अँफिथिएटर, म्हणजे खेळ-झुंजी बघायचं उघडं गोल प्रेक्षागृह, साधारण 35 हजार लोक बसतील एवढं. हे आलं कुठून, तर ऑलिव्ह तेलाच्या व्यापारातून, त्या पैशावर हे गाव गबर झालं होतं. खाली प्राणी ठेवायचे ते भुयारी मार्गही बघता येतात. ट्युनिसहून स्फाक्सला जाणारी रेल्वे थेट एल जेमला थांबते.

कैरुआन या जुन्या शहरातली मोठी मशीद इ.स. 670 मध्ये सुरू झाली, आजची इमारत बरीचशी नवव्या शतकातली, आणि तिचे खांब रोमन अवशेषांतून आणलेले. मुस्लिमेतरांना अंगणापर्यंतच जाता येतं, सकाळी जा, खांदे-पाय झाकलेले असू द्या. तिथला खजूर भरलेला मकरूद, म्हणजे रव्याची मिठाई, सासूबाईंना नक्की आवडेल.

आता जेवण. अडचण मटणाची कमी, ट्यूना माशाची जास्त, कारण ते लोक सॅलडवरसुद्धा ट्यूना आणि अंडं घालतात! ब्रिकमध्ये, म्हणजे पातळ पारीच्या तळलेल्या समोशासारख्या पदार्थात, बहुतेक वेळा अंडं असतंच, आणि भाज्यांचा कुसकुस (गव्हाच्या रव्याचे वाफवलेले बारीक दाणे) सुद्धा अनेकदा मटणाच्या रश्श्यावर शिजवलेला असतो, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. पण लाब्लाबी म्हणजे जिरं आणि हरिसा, म्हणजे लाल मिरचीची चटणी, घातलेले गरम छोले, शिळ्या पावावर ओतलेले, आणि मेशविया म्हणजे भाजलेल्या मिरच्या-टोमॅटोचं सॅलड, चवीला आपल्या भरताच्या जवळचं. हे दोन्ही वरचं ट्यूना-अंडं काढून मागा. हॉटेलवाल्यांकडून एका चिठ्ठीवर अरबी आणि फ्रेंचमध्ये ‘मांस, मासे, ट्यूना, अंडं, मटणाचा रस्सा नको’ असं लिहून घ्या आणि सगळीकडे दाखवा.

सहारा या वेळी सोडा, आठ दिवसांत सासूबाईंना एवढी धावपळ झेपणार नाही. आणि हो, ट्युनिशियन दिनार देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे थोडे थोडेच पैसे बदला आणि पावत्या जपून ठेवा, उरलेले परत बदलायला लागतात.