'इन्फिरियर वॉल एमआय' आणि 'आरसीए १०० टक्के': दोन्ही एकच का?

वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर 'इन्फिरियर वॉल एमआय' (हृदयाच्या खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक) आणि अँजिओग्राफीत 'आरसीए १०० टक्के' (उजवी करोनरी धमनी पूर्ण बंद) लिहिलंय, म्हणजे दोन आजार का, असं तुम्ही विचारलंय. आजार एकच. पहिलं नाव भिंतीचं, दुसरं नळीचं. मरतो तो स्नायू, तुंबते ती त्याला रक्त देणारी धमनी.

महाधमनीच्या मुळाशीच हृदयाला रक्त देणाऱ्या दोन करोनरी धमन्या फुटतात. डावी थोडं पुढे जाऊन दुभंगते. तिची एलएडी ही शाखा समोरून टोकाकडे उतरते आणि पुढची भिंत व मधल्या पडद्याचा बराच भाग पोसते. दुसरी शाखा, सर्कमफ्लेक्स, डावीकडून मागे वळते. उजवी, म्हणजे आरसीए, उजव्या कप्प्याला रक्त देत खाली जाते. डायफ्रॅमवर (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूवर) टेकलेली खालची भिंत दहातल्या साधारण आठ जणांत तिच्याच वाट्याला येते. ईसीजीत हा अटॅक लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये, म्हणजे हृदयाकडे खालून बघणाऱ्या नोंदींत दिसतो. लीड ३ मधला आलेखाचा एसटी हा भाग लीड २ पेक्षा जास्त उचललेला असेल, तर संशय आरसीएवर. नाहीतर सर्कमफ्लेक्सचाही विचार करावा लागतो.

एलएडी मुळाशी तुंबली तर सर्वांत जास्त स्नायू जातो, म्हणून खालच्या भिंतीच्या अटॅकला 'सौम्य' म्हणायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. यात मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं जास्त, त्यामुळे अ‍ॅसिडिटीच्या गोळीवर मोलाचे तास जातात. हृदयाचे विद्युत संदेश वरून खालच्या कप्प्यांकडे पोचवणाऱ्या एव्ही नोडलाही बहुतेकांत आरसीएच रक्त पुरवते, म्हणून नाडी मंदावते, हार्ट ब्लॉक होतो, म्हणजे हे संदेश अडतात. तो बहुधा काही दिवसांत सुटतो, मधल्या काळात कधी तात्पुरता पेसमेकर लागतो.

खरा धोका या अटॅकमध्ये उजवा कप्पाही सापडला तर. तो शिरांतून परतणाऱ्या रक्तावर चालतो. घरोघरी ठेवलेली सॉर्बिट्रेट ही छातीदुखीची गोळी जिभेखाली दिली की शिरा सैलावतात, परतणारं रक्त घटतं आणि बीपी एकदम कोसळतं. म्हणून छातीत दुखतंय म्हणून शेजाऱ्याची गोळी देऊ नये. रुग्णालयात आधी बीपी पाहतात, आणि छातीच्या उजव्या बाजूला व्ही४आर हे लीड लावून बघतात.

इकोत 'इन्फिरियर वॉल हायपोकायनेटिक' (खालची भिंत कमी हलते) असेल तर लगेच धास्तावू नका. नळी वेळेत उघडली असेल, तर बधिर झालेला स्नायू पुढच्या काही आठवड्यांत सावरू शकतो. म्हणून पंपिंगचा आकडा ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा काढतात.