कुलूप उघडल्यावर: वाचकांचे प्रश्न

जूनचा पहिला पंधरवडा आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो. मंडळी मे महिना गावाला नाहीतर हिमाचल-केरळात काढून परततात, कुलूप उघडतात आणि मग ‘डॉक्टर, हे चालेल का?’ सुरू होतं. निम्मे प्रश्न दरवर्षीचेच. उरलेल्या निम्म्यांची उत्तरं शेजाऱ्यांनी नाहीतर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपने आधीच देऊन टाकलेली असतात, माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. तो मिळेलच असं नाही.

वीस दिवसांनी घर उघडलं तर बाथरूममधून गटाराचा वास येतोय. ड्रेनेजची लाइन फुटली असेल का? (कोथरूड)

नाही. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखाली साचून गटाराचा वास अडवणारं, पाणी सुकलंय. प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओता, पाहुण्यांच्या बाथरूममध्येसुद्धा. दोन दिवसांत वास गेला नाही तर प्लंबरला बोलवा. अगरबत्ती लावून काही होणार नाही.

घरात शिरताच गॅसचा मंद वास आला. रेग्युलेटर बंद करूनच गेलो होतो. अशा वेळी आधी एक्झॉस्ट फॅन लावावा का? (सांगली)

मुळीच नाही. पंखा, दिवा, बेल, कोणत्याही बटणाला हात लावायचा नाही. चालू असेल तर बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळी पडते. दारं-खिडक्या उघडा, सिलिंडरचा गॅस जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून खालून वारा खेळेल असं बघा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर उभं राहून 1906 या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन करा. पाइपचा गॅस असेल तर कंपनीचा आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो. तुमचं पत्र मला चार दिवसांनी मिळालं. गॅसचा वास आल्यावर पत्र लिहीत बसायचं नसतं हो.

आम्ही नसताना वीज गेली होती म्हणे. किती वेळ, ते वॉचमनलाही सांगता येत नाही. आलो तेव्हा फ्रिज चालू होता, फ्रीझरमधली सुरमई दगडासारखी घट्ट. वासही नाही. खायला हरकत नाही ना? (डोंबिवली)

‘वास नाही म्हणजे चांगलं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते दवाखान्याच्या दारावर फुली मारून लावावं म्हणतो. माणसाला आजारी पाडणाऱ्या बऱ्याच जंतूंना वासच नसतो. दार न उघडता खच्चून भरलेला फ्रीझर साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास. खालचा फ्रिज जेमतेम 4 तास. मासळी मधे वितळून पुन्हा गोठली असेल तर तिच्याकडे बघून कळणार नाही, पण बर्फाच्या ट्रेकडे बघून कळेल. खड्यांची एकसंध लादी झाली असेल, किंवा पिशवीच्या कोपऱ्यात पाझरलेलं पाणी गोठून बसलं असेल, तर टाकून द्या. खालच्या कप्प्यातलं दूध, दही, कणीक, उरलेली भाजी तर विचारूच नका. सुरमईचा भाव मलाही ठाऊक आहे. तरी मांजरालाही घालू नका.

पुढच्या खेपेला निघताना वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून जा. परतल्यावर नाणं बर्फाच्या पोटात सापडलं तर काय झालं ते कळलंच. आणि खाऊन झालंच असेल, घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, तर ओव्यावर दिवस काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

महिनाभर बंद असलेला प्युरिफायर सुरू करायला माणूस बोलावला. त्याने दोन ग्लासांत यंत्राच्या सळया सोडल्या. प्युरिफायरचं पाणी तसंच राहिलं, नळाचं तपकिरी झालं, वर गाळ. मेम्ब्रेनसकट सगळं बदला म्हणतो. आम्ही घाबरलोय. (ठाणे)

घाबरू नका, हा खेळ जुना आहे. त्या सळयांत लोखंड असतं. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते, आणि सळईचंच लोखंड सुटून पाण्यात उतरतं. तुम्ही पाहिलात तो गाळ पाण्यातला नव्हे, सळईचा. आरओच्या, म्हणजे तुमच्या प्युरिफायरच्या, पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते तसंच दिसतं. त्याला पुन्हा बोलवा, प्युरिफायरच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता घाला सळया. तेही तपकिरी होईल. चेहरा कोणाचा कसा होतो तेही दिसेल.

साठलेलं पाणी मात्र प्यायचं नाही. टाकी पूर्ण रिकामी करा, पुढच्या दोन टाक्या भरून लादी पुसायला वापरा, मग प्या. फिल्टर कधी बदलले ते पुस्तिकेशी ताडून बघा. मुदत संपली असेल तर तेवढेच बदला. नळाच्या पाण्याबद्दल शंका असेल तर जंतुतपासणी कुठे होते ते महापालिकेच्या आरोग्य विभागात विचारा. विकणाऱ्याने केलेली तपासणी ही तपासणी नव्हे.

पाणीकपातीमुळे बाल्कनीतलं 200 लिटरचं पिंप भरून, झाकण ठेवून गेलो. सोळा दिवसांनी पाणी स्वच्छ दिसतंय. ओतून द्यायला जिवावर येतं. परवाच सोसायटीत धूरफवारणीही झाली. तरी काळजी करायची का? (नाशिक)

करायची. आणि या उत्तराला मी जागा जास्त घेणार आहे, संपादकांनी कात्री लावली तरी चालेल, पण निदान ‘ओता’ हा शब्द ठेवावा.

डेंग्यूचा एडिस डास घाण गटारात वाढत नाही. त्याला तुमच्या पिंपासारखं निवळशंख, हलत नसलेलं पाणी लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्याकडच्या उकाड्यात आठ-दहा दिवस पुरतात. तुम्ही सोळा दिवस नव्हतात. झाकणाचं म्हणाल तर पाइप घालायला कापलेली खाच, तडकलेला काठ, नीट न बसलेली कड यांतून मादी आरामात शिरते.

आता टॉर्च घ्या आणि पाण्यावर तिरका मारा. वर लोंबकळलेल्या बारीक अळ्या उजेड पडताच वळवळत तळाशी जातील. स्वल्पविरामासारखे वाकलेले दिसतील ते कोष, म्हणजे एक-दोन दिवसांत डास. काहीच दिसलं नाही तरी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीवर बोट फिरवा. काजळीच्या कणांसारखं काही खरखरलं तर ती अंडी असू शकतात. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणूनच नुसतं पिंप उपडं करून भागत नाही. आतली भिंत काथ्याने खसखसून घासायची, मग दिवसभर उन्हात कोरडी करायची. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं महापालिका सांगते ते याचसाठी. पाणी वाया जातं असं वाटत असेल तर कुंड्यांच्या मातीत ओता. मातीत अळ्या मरतात.

पिंपावर थांबू नका. फ्रिज पुढे ओढा. मागे कॉम्प्रेसरजवळ एक उथळ ट्रे असतो, त्याची आठवण कुणाला नसते. कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलरची टाकी, न वापरलेल्या कमोडचा फ्लश टँक, गच्चीवरची करवंटी. मी आरोग्य खात्यात असताना एका आरशासारख्या लखलखीत घरात तिघं तापाने झोपले होते. आम्ही गच्ची पालथी घातली, टाक्या बघितल्या. अळ्या निघाल्या टीव्हीशेजारच्या मनीप्लांटच्या बाटलीत. ताईंनी ती बाटली रोज पुसली होती. बाहेरून.

धुराचं ऐका. धुराने उडते डास मरतात, तेही धूर पोचला तर. अळीला त्याने काही होत नाही. आणि एडिस तर पडद्यामागे, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत बसलेला असतो. सोसायट्या धुरावर पैसे घालतात कारण धूर सगळ्यांना दिसतो. पाण्यावर तेल, कापूर, अर्ध्या लिंबात खोचलेल्या लवंगा, डास पळवणारं आवाजी यंत्र यांवर मला पत्र लिहू नका. महापालिकेचा माणूस अळीनाशक घेऊन आला तर दार मात्र उघडा.

आणि परतल्यावर दोन आठवड्यांत कुणाला ताप आला तर ‘प्रवासाचा थकवा’ म्हणू नका. डॉक्टरांना कुठे गेला होतात ते सांगा. तपासणीआधी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन अजिबात नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो; पॅरासिटामॉल घ्यायचं तेही विचारून. एनएस-1 ही डेंग्यूची रक्ततपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांतच उपयोगाची. पपईच्या पानांच्या रसात वेळ घालवलेले रुग्ण मी पाहिलेत. ताप उतरला की बरं वाटलं म्हणून घरी बसू नका. तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतानाच गाडी बिघडते. पोटात जोरात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, यातलं एक जरी दिसलं तरी थेट रुग्णालय. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

गावाहून आल्यापासून गादीत ढेकूण. ओळखीच्या धान्य व्यापाऱ्याने गव्हात ठेवायच्या गोळ्या दिल्यात. खोली बंद करून दोन दिवस बाहेर जा म्हणतो. (पिंपरी)

अजिबात नाही! त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्यानेच त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलीत, शेजारच्या घरात जातो, आणि त्यावर उतारा नाही. डबी उघडलीच असेल तर सगळे बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला कळवा. उघडली नसेल तर कोरडी राहील अशी घराबाहेर ठेवा आणि व्यापाऱ्याला परत द्या. पाण्यात, संडासात किंवा कचऱ्यात टाकू नका. ढेकणांसाठी चादरी-अभ्रे कडकडीत गरम पाण्यात धुवा, बॅगा बाहेर झटका आणि परवाना असलेला पेस्ट कंट्रोलवाला बोलवा. त्यालाही काय मारणार ते कागदावर लिहून मागा. अंगावर गांध्या उठल्या असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

गणपतीला मालवणजवळचं घर उघडायचंय. वर्षभर बंद. उंदरांच्या लेंड्या, भिंतीला बुरशी. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड एकत्र केलं तर चांगलं निघतं म्हणतात? (मुंबई)

निघतं ते क्लोरिन. पूर्वी युद्धात वापरलेला वायू. दोन्ही एकत्र कधीच करू नका, एकानंतर एक ओतूही नका.

दारं-खिडक्या उघडून अर्धा तास ओटीवर बसा, चहा घ्या. लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ब्लीचच्या पातळ पाण्याने भिजवा, हातमोजे-मास्क लावून पुसून घ्या. दम्याचा माणूस त्या दिवशी आत नको. पावसाळ्यात कोकणात लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, आणि प्रतिबंधक गोळीचं प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, मेडिकलवाल्याला नव्हे. चुलीमागची लाकडं, माळ्यावरची पोती हाताने उचलू नका, काठीने हलवा. साप दिसला तर मारायला धावू नका, गावातल्या सर्पमित्राचा नंबर जायच्या आधीच घेऊन ठेवा. मालवणात रेंज असेलच असं नाही.