फितना म्हणजे फितुरी नव्हे

प्रश्न असा आला आहे: एका दुआच्या मराठी भाषांतरात ‘हे अल्लाह, आम्हांला फितुरीपासून वाचव’ असं वाचलं, मुळात शब्द ‘फितन’ आहे. फितना आणि फितूर एकच का?

नाही. कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण घराणी वेगळी. फितना फे-ते-नून या तीन अरबी अक्षरांच्या क्रियाधातूचा, त्याचं अनेकवचन फितन. आपला फितूर आला ‘फुतूर’वरून, म्हणजे फे-ते-रे. फुतूरचा अरबीतला अर्थ सैल पडणं, ढिलाई. फारसी-उर्दूत तो गडबड, बखेडा इथवर सरकला (हिंदीतलं ‘दिमाग का फितूर’ आठवा), आणि मराठीत शत्रूला आतून जाऊन मिळणाऱ्याला चिकटला. फतवा तर तिसऱ्याच धातूचा.

फितनाचं मूळ मात्र सोनाराच्या भट्टीत आहे. सोनं आगीत घालून खरं की हिणकस ते पाहणं, ही त्या क्रियाधातूची जुनी अर्थच्छटा. म्हणजे ‘तावून सुलाखून’ हा आपला वाक्प्रचार ज्याच्या जिभेवर आहे, त्याला फितना अर्धा कळलेलाच आहे. कुराणात (६४:१५) संपत्ती आणि संतती यांना फितना म्हटलं आहे. तिथे दंगा नाही की दगा नाही, तिथे ‘कसोटी’च हवं. पुढे समाजाच्या समाजाला भट्टीत घालणाऱ्या प्रसंगांनाही तोच शब्द लागला. खलिफा उस्मान यांच्या हत्येनंतर ६५६ ते ६६१ या काळात मुसलमानांत आपसांत जे युद्ध पेटलं, त्याला इतिहासात पहिला फितना म्हणतात. इथे मला ‘यादवी’इतका नेमका मराठी शब्द दुसरा दिसत नाही.

आता मूळ दुआ. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात (हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आठवणी) पैगंबरांचे सहकारी जैद बिन साबित यांच्या हवाल्याने येते: ‘नऊजु बिल्लाहि मिनल फितनि, मा जहर मिन्हा व मा बतन’. फितन्यांपासून आम्ही अल्लाहचा आसरा मागतो, त्यांतले जे उघड आहेत आणि जे छुपे आहेत त्यांपासून. यातल्या ‘जहर’ला विष समजू नका, आपलं ‘जाहीर’ याच धातूचं. छुप्या फितन्याचा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो, कारण दुही बहुधा मनातच आधी शिजते.

याच्या जोडीला आणखी एक दुआ पाहा. पैगंबर घराबाहेर पडताना आकाशाकडे नजर करून ती म्हणत, असं त्यांच्या पत्नी उम्मे सलमा सांगतात. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात ती आहे. तिच्यात भटकणं, घसरणं, जुलूम आणि अडाणी वागणं यांच्या चार जोड्या आहेत. तिसरी जोडी: ‘अज्लिम औ उज्लम’. व्यंजनं तीच, फक्त स्वर पालटले की कर्तरीचं कर्मणी होतं. मराठीत ते काम शब्दयोगी अव्ययावर येतं: माझ्याकडून जुलूम होऊ नये, माझ्यावर जुलूम होऊ नये. ‘कडून’ आधी, ‘वर’ नंतर. भाषांतरात हा क्रम कृपा करून उलटवू नका. आधी स्वतःच्या हातून होणाऱ्या अन्यायापासून आसरा मागितला आहे, आणि दुआचा सगळा जीव त्यात आहे.

भाषांतरकाराला माझा सल्ला: व्यक्तीची पारख असेल तिथे ‘कसोटी’, समाज फुटत असेल तिथे ‘दुही’ किंवा ‘यादवी’, आणि प्रश्नातल्या दुआसारखं दोन्ही एकत्र असेल तर सरळ ‘फितना’ ठेवून एकदा अर्थ द्यावा. ‘फितुरी’ कुठेच नको. फितुरी कुणीतरी करतो, तिला एक गुन्हेगार असतो. कुराणातल्या एका आयतीत (८:२५) तर असं बजावलं आहे की, अशा फितन्यापासून जपा, जो तुमच्यातल्या केवळ जुलूम करणाऱ्यांनाच गाठणार नाही. तिथे ‘फितुरी’ घालून पाहा, वाक्य उभंच राहत नाही.