ट्रीव्ह्यूमध्ये फक्त शेवटच्या पातळीचे आयटम शेजारी शेजारी कसे मांडायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. देवगडच्या एका बागायतदारासाठी तुम्ही डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजवरच्या प्रोग्रॅमच्या स्क्रीन बनवायची मायक्रोसॉफ्टची पद्धत) हिशेबाचा प्रोग्रॅम करताय. ट्रीव्ह्यूमध्ये, म्हणजे पातळीपातळीने उघडणाऱ्या यादीत, वर बागायतदार, त्याखाली बागा, बागेखाली तोडीच्या तारखा आणि तारखेखाली त्या दिवशी भरलेल्या पेट्या. पेट्या एकाखाली एक न येता शेजारी शेजारी याव्यात म्हणून तुम्ही ट्रीव्ह्यूचा आयटम्सपॅनल (आयटम कसे मांडायचे ते ठरवणारा भाग) बदलून रॅपपॅनल (शेजारी शेजारी मांडून जागा संपली की पुढच्या ओळीत नेणारा) केला. झालं काय, तर बागायतदारच शेजारी शेजारी येऊन बसले आणि पेट्या होत्या तशाच एकाखाली एक राहिल्या. शिवाय उजवीकडची डझनांची बेरीज एका रेषेत येत नाही.

मी रत्नागिरीत असतो. आंब्याच्या एका पॅकिंग शेडसाठी जवळजवळ हेच काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ट्रीव्ह्यू बघताना आपल्याला एक लांब यादी आणि आत सरकलेल्या ओळी दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक ट्रीव्ह्यूआयटम हा स्वतःच एक पूर्ण यादी असतो. त्याला एक हेडर (त्याची स्वतःची दिसणारी ओळ) असतो, आणि मुलं, म्हणजे खालच्या पातळीचे आयटम, मांडायला त्याचा स्वतःचा आयटम्सपॅनल असतो. ट्रीव्ह्यूवर लावलेला पॅनल फक्त पहिल्या पातळीला मांडतो. आयटमटेम्प्लेट (आयटमच्या आत काय दिसायचं) आणि आयटमकंटेनरस्टाइल (आयटमच्या चौकटीची स्टाइल) या दोन गोष्टी वरून खाली झिरपत जातात, आयटम्सपॅनल झिरपत नाही. तुमचे बागायतदार आडवे झाले ते एवढ्यामुळेच.

म्हणजे पेट्या कशा बसायच्या हे ठरवणार तारखेचा नोड, म्हणजे झाडातला तारखेचा आयटम. आता तारखेच्या नोडला स्टाइल कुठून मिळते? त्याच्या वरच्या पातळीकडून, म्हणजे बागेच्या हायरार्किकलडेटाटेम्प्लेटमधून (नोड कसा दिसायचा आणि त्याची मुलं कुठली ते सांगणारा टेम्प्लेट). या टेम्प्लेटला आयटमकंटेनरस्टाइल नावाची प्रॉपर्टी आहे आणि ती त्या नोडच्या मुलांना लागू होते. थोडक्यात, लिहायचं आजोबांच्या टेम्प्लेटमध्ये, लागू होतं वडिलांना, आणि त्याप्रमाणे बसतात नातवंडं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी लढाई संपली. मला स्वतःला ते बसायला दोन दिवस लागले होते, कारण मी पेटीच्याच टेम्प्लेटमध्ये शोधत होतो.

तर बागेच्या टेम्प्लेटमध्ये आयटमकंटेनरस्टाइल द्या, टार्गेटटाइप ट्रीव्ह्यूआयटम, आणि त्यात सेटर लावून आयटम्सपॅनल म्हणजे रॅपपॅनल असलेला आयटम्सपॅनलटेम्प्लेट. ही स्टाइल बेस्डऑन लावून तुमच्या मूळ स्टाइलवर उभी करा. नाहीतर वरून येणारी स्टाइल त्या पातळीला मिळतच नाही, आणि तिच्यात इझएक्स्पांडेडचं (नोड उघडा की मिटलेला) बाइंडिंग असेल तर तारखा उघडायच्या बंद होतील. मग तुम्ही व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनमागचा डेटा सांभाळणारा क्लास) चूक शोधत बसाल.

एवढं करूनही पेट्या गुंडाळून पुढच्या ओळीत येणार नाहीत. एकच लांब ओळ होऊन उजवीकडे पळेल आणि खाली आडवा स्क्रोलबार दिसेल. ट्रीव्ह्यूच्या आतल्या स्क्रोलव्ह्यूअरमध्ये आडवं स्क्रोल चालू असलं की तो मुलांना रुंदीची मर्यादाच सांगत नाही, आणि मर्यादा नसेल तर रॅपपॅनलला ओळ मोडायचं कारण उरत नाही. ट्रीव्ह्यूवर स्क्रोलव्ह्यूअरची हॉरिझॉन्टलस्क्रोलबारव्हिजिबिलिटी डिसेबल्ड करा. हिडन करून चालत नाही, हिडनमध्ये बार दिसत नाही पण रुंदी अमर्यादच राहते.

मग पुढची तक्रार येईल: प्रत्येक पेटीच्या डावीकडे रिकामी जागा का? ट्रीव्ह्यूआयटमचा मूळ टेम्प्लेट उघडून बघा. डिझायनरमध्ये आयटमवर राइट क्लिक करून एडिट टेम्प्लेट, मग एडिट अ कॉपी. आत एक ग्रिड आहे. पहिला कॉलम एक्स्पांडरचा, म्हणजे उघडायच्या बाणाचा, त्याची किमान रुंदी १९. दुसरा ऑटो, त्यात हेडर. तिसरा उरलेली जागा घेतो. मुलं दुसऱ्या रोमध्ये, दुसऱ्या कॉलमपासून सुरू होतात. प्रत्येक पातळी १९ ने आत सरकते ती याच कॉलममुळे, आत सरकण्याची वेगळी सेटिंग कुठेच नाही. आणि मुलं नसतील तेव्हा ट्रिगर (अट जुळली की लागू होणारा नियम) एक्स्पांडरला कोलॅप्स्ड करत नाही, हिडन करतो. पेटीला मुलं नाहीत, बाण दिसत नाही, पण १९ ची जागा अडलेलीच राहते. दहा पेट्यांच्या ओळीत १९० गेले की.

यासाठी तारखेच्या टेम्प्लेटमध्ये पेट्यांसाठी वेगळी आयटमकंटेनरस्टाइल द्या आणि तिच्यात साधा कंट्रोलटेम्प्लेट (आयटमचा सांगाडा): एक बॉर्डर, आत कंटेंटप्रेझेंटर (मजकूर दाखवणारा भाग), बस. कंटेंटप्रेझेंटरचा कंटेंटसोर्स हेडर ठेवा आणि त्याला पार्ट_हेडर हेच नाव द्या, कंट्रोल ते नाव वापरतो. निवडलेली पेटी कळावी म्हणून इझसिलेक्टेडचा ट्रिगर स्वतः लिहा, तो आता फुकट मिळणार नाही. ही वेगळी स्टाइल दिली नाहीत तर तारखेची स्टाइल झिरपून पेट्यांनाही लागेल, हाही मुद्दा आहेच.

शेडमध्ये हे केल्यावर काय फरक पडला ते सांगतो. ७६८ पिक्सेल उंचीचा लॅपटॉप, एका वेळी पंचवीसेक ओळी दिसायच्या. भर हंगामात एका तारखेला ऐंशी पेट्या भरल्या की कारकून नुसता स्क्रोल करत राहायचा, आणि दलालाची पट्टी हातात धरून ताळा करताना कुठली बाग चालू आहे हेच त्याला दिसायचं नाही. पेटीचा चौकोन लहान केला, आत वर पेटीचा नंबर आणि खाली नुसता डझनांचा आकडा, ४, ५, ६. ओळीत दहा. ऐंशी पेट्या आठ ओळींत आल्या आणि बागेचं नाव वर दिसत राहिलं. मग डझनांप्रमाणे बॉर्डरचा रंग वेगळा केला. चार डझनी म्हणजे मोठं फळ, पेटीत कमी मावतं. सहा डझनी म्हणजे बारीक. त्या दिवशी माल कसा निघाला हे तारीख उघडल्या उघडल्या नुसत्या रंगावरून कळायला लागलं. हे मी सुचवलेलं नव्हतं, तिथल्या कारकुनानेच मागितलं.

आता बेरजेची रेषा. हेडर ऑटो कॉलममध्ये आहे, त्यामुळे मजकुराइतकीच रुंदी त्याला मिळते. आत उजवीकडे कितीही ढकललंत तरी बेरीज मजकुराला चिकटूनच राहणार. हॉरिझॉन्टलकंटेंटअलाइनमेंट स्ट्रेच करूनही हा कॉलम ऑटोच राहतो. बागायतदार, बाग, तारीख या तीन पातळ्यांसाठी टेम्प्लेट बदला: दोनच कॉलम ठेवा, पहिला ऑटो, दुसरा स्टार (उरलेली जागा घेणारा), आणि हेडर या दुसऱ्यात. मुलांचा आयटम्सप्रेझेंटर (मुलं जिथे मांडली जातात तो भाग) पहिल्या कॉलमपासून दोन्ही कॉलमभर पसरू द्या, म्हणजे सगळ्या पातळ्यांची रुंदी सारखी होते. आत सरकण्याचं अंतर मग एक्स्पांडरच्या डाव्या मार्जिनमधून द्या: पातळी गुणिले १९. पातळीचा आकडा व्ह्यूमॉडेलमध्येच ठेवा, व्हिज्युअल ट्रीवर (स्क्रीनवरच्या घटकांच्या झाडावर) चढत जाऊन मोजण्यापेक्षा ते सरळ आहे. हेडरमध्ये डॉकपॅनल (कडेला चिकटवून मांडणारा), बेरीज उजवीकडे डॉक केलेली, ठराविक रुंदीची. बागायतदाराची पातळी ०, बागेची १, तारखेची २; ३८ मार्जिन आणि १९ चा बाण धरून तिचा मजकूर ५७ वर सुरू होतो, म्हणून रॅपपॅनललाही डावीकडे ५७ चं मार्जिन द्या. पेट्या तारखेच्या खाली नीट बसतात.

याचा आणखी एक फायदा म्हणजे निवडलेल्या ओळीचा रंग पूर्ण रुंदीभर लावता येतो.

कीबोर्डकडे मात्र दुर्लक्ष करू नका. ट्रीव्ह्यूला वाटतं मुलं एकाखाली एक आहेत. त्यामुळे पेटीवर असताना डावा बाण दाबला की निवड शेजारच्या पेटीवर न जाता थेट तारखेवर उडी मारते. माऊस न वापरणाऱ्या माणसाला हे फार त्रासदायक होतं. मी पेट्यांच्या स्टाइलमध्ये इव्हेंटसेटरने प्रिव्ह्यूकीडाउन (कळ दाबल्याचा इव्हेंट) पकडून डावा-उजवा बाण शेजारच्या पेटीवर वळवला. वीसेक ओळींचं काम आहे, पण ते केल्याशिवाय प्रोग्रॅम देऊ नका.

वेगाची काळजी किती करायची? ट्रीव्ह्यूला व्हर्च्युअलायझेशन (दिसतात तेवढेच आयटम तयार करणं) डॉट नेट ३.५ च्या सर्व्हिस पॅक १ पासून आहे, पण ते मुळात बंद असतं. शिवाय रॅपपॅनल ते करतच नाही, उघडलेल्या तारखेच्या सगळ्या पेट्या एकदम तयार होतात. ऐंशी-शंभरला काही फरक पडत नाही. मिटलेल्या नोडची मुलं उघडेपर्यंत तयारच होत नाहीत, म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना फक्त आजची तारीख उघडी ठेवा. ‘सगळं उघडा’ असं बटण या झाडाला देऊ नका.

शेवटी एक विचारतो: पेटी स्वतंत्रपणे निवडायची गरज तुम्हाला खरंच आहे का? नुसती दाखवायचीच असेल, तर तिला झाडाची पातळी करूच नका. तारखेच्या हेडरमध्ये एक साधा आयटम्सकंट्रोल (नुसती यादी दाखवणारा) टाका, त्याचा पॅनल रॅपपॅनल. आजोबा-नातवंडांचा सगळा व्याप आणि बाणांची भानगड दोन्ही वाचतात. आडव्या स्क्रोलचं सांगितलं ते इथेही लागू, हेडरही वर सांगितल्यासारखा स्टार कॉलममध्येच हवा (ऑटोत पेट्या गुंडाळत नाहीत), आणि मुलं नसल्याने तारखेचा बाण लपलेला असतो, म्हणून पेट्या मिटवायला बटण आणि त्याला बांधलेली व्हिजिबिलिटी स्वतः द्यावी लागेल. आमच्या शेडमध्ये पेटीवर क्लिक करून वजन बदलायचं होतं, म्हणून मी लांबचा रस्ता घेतला.

करून बघा. तरीही पेट्या उभ्याच दिसल्या तर व्हिज्युअल स्टुडिओत लाइव्ह व्हिज्युअल ट्री उघडून तारखेच्या नोडखाली स्टॅकपॅनल (एकाखाली एक मांडणारा) आहे की रॅपपॅनल ते आधी पाहा, आणि बागेचा टेम्प्लेट इथे टाका, मी बघतो.