जैसलमेरला होमस्टेसाठी जमीन घेतोयस ना, मग हे वाच

अरे भावा, घोडबंदरचा फ्लॅट विकून तिकडे जमीन घेणार असशील तर टोकन द्यायच्या आधी जरा थांब. सम आणि खुरी या वाळूच्या टेकड्यांच्या गावांकडचा मोठा पट्टा डेझर्ट नॅशनल पार्कात येतो, 3,162 चौरस किमी आहे ते, तिथे बांधकामाची परवानगी मिळणं खूप अवघड, म्हणून खसरा नंबर (आपल्या गट नंबरसारखा) घेऊन आधी वनखात्यात विचार. जमाबंदी म्हणजे जमिनीचा उतारा राजस्थान सरकारच्या 'अपना खाता' साइटवर घरबसल्या दिसते, आपल्या सातबारासारखी. शेतजमीन असेल तर राजस्थानच्या जमीन महसूल कायद्याच्या कलम 90-ए खाली कन्व्हर्जन (आपल्याकडचं एनए) झालंय का तेही बघ.

पाण्याचं मात्र नीट ऐक. मी तिकडे माझ्या होमस्टेसाठी बोअर मारली, पाणी लागलं, आनंदाने ओंजळभर प्यायलो तर खारट, त्याचा चहा केला तर दूध फाटलं. आता टँकर, मोठी टाकी, प्यायला आरओ, आणि गेस्ट वाढले की ठाण्यात बसून टँकरवाल्याला फोन वर फोन. विजेचा खांब प्लॉटपासून किती लांब ते स्वतः चालून बघ, लाइन ओढायचा खर्च आपल्या गळ्यात येऊ शकतो.

सीझन ऑक्टोबर ते मार्च, त्यामुळे हप्त्याचं गणित तेवढ्याच कमाईवर बसव. आणि प्लॉट बघायला डिसेंबरात नको, मे महिन्यात जा, 45 डिग्रीत दोन रात्री राहून ये.